वैताग आणि वाटा

(लोककवी वामनदादा कर्डक यांच्या स्मृतिनिमित्त नाशिक येथे अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



रोजच्या जगण्यातला वैताग हा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला विषय नव्हे. तेथे महागाईचा निर्देशांक असतो, बेकारीचे प्रमाण असते, दरडोई उत्पन्न असते. परंतु रेशनच्या रांगेत दोन तास उभे राहून आपली पाळी आली की 'साखर संपली' हे दोन शब्द ऐकणाऱ्या माणसाच्या मनात जे काही होते, त्याचा निर्देशांक अद्याप कोणी काढलेला नाही. आमच्या शास्त्राने ही नोंद ठेवली नाही, म्हणून ती कोणीच ठेवली नाही असे मात्र समजू नये. ती गाण्यांनी ठेवली आहे. वामनदादांच्या निमित्ताने आज त्या नोंदवहीची काही पाने उलटावीत असा विचार आहे आणि त्याच ओघात आपल्याला ब्राझीलपर्यंत एक फेरी मारून यायची आहे. ती का, हे पुढे ध्यानात येईलच.

वामन तबाजी कर्डक हे आपल्याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी हे त्यांचे गाव. जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. १५ मे २००४ रोजी त्यांचे निधन झाले तेही नाशिकलाच. मधल्या आयुष्यात पोटासाठी मुंबई गाठावी लागली. तेथे त्यांनी गिरणीत काम केले, कोळशाचे काम केले, चिक्की विकली. शाळा पाहिलेली नव्हती. ऐन तारुण्यात मुळाक्षरे गिरवली आणि रस्त्याने हिंडताना दुकानांच्या पाट्या वाचून वाचून ती पक्की केली. १९४३ साली पहिले गाणे रचले, ते एका हिंदी चित्रपटगीताचे विडंबन होते. त्यानंतर साठ वर्षे हा माणूस गाणी रचत आणि गात महाराष्ट्रभर फिरला. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे संग्रह निघाले. परंतु संग्रहांत न आलेल्या आणि लोकांच्या तोंडीच राहिलेल्या गाण्यांची संख्या किती तरी अधिक आहे. मराठीत 'लोककवी' ही पदवी जरा जपूनच घ्यावी लागते. ती बहाल करून माणसाला कवींच्या पंक्तीतून हळूच उठवता येते. वामनदादांच्या बाबतीत हेच झाले. त्यांच्या गाण्यांवर माना डोलावणारे लाखो होते, परंतु त्यांच्या रचनेची गंभीर चिकित्सा करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले.

ही गाणी आकाशातून पडली नव्हती. या शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्याच दशकात याच जिल्ह्यातून भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसे घेऊन गावोगाव जात होते. आपली दहा भाषणे एका बाजूला आणि कर्डकांचा एक जलसा दुसऱ्या बाजूला, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे जुनी मंडळी सांगत. सत्यशोधकांचे जलसे त्याही आधीचे. म्हणजे ज्या माणसाला वर्तमानपत्र वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत राजकारण पोचवण्याची एक पक्की वाट वामनदादांच्या आधीच मळलेली होती. त्या वाटेने त्यांनी मुक्तीचे तत्त्वज्ञान तर नेलेच, परंतु त्यासोबत घरातली रिकामी डबी, सावकाराचा तगादा, कामाच्या शोधात झिजलेल्या वहाणा हेही सारे नेले. मला आज या दुसऱ्या ओझ्याविषयी बोलायचे आहे. कारण पहिले ओझे आपण दरवर्षी १४ एप्रिलला खांद्यावर घेतो आणि दुसरे कोठे ठेवले याची आठवणही आपल्याला राहिलेली नाही.

त्यांचे एक गाणे येथे बसलेल्या बहुतेकांना पाठ असेल. त्यात बिर्ला, बाटा आणि टाटा ही तीन नावे एका दमात येतात आणि गाणारा त्यांचा पत्ता विचारतो. धन कोठे साठले आहे आणि त्यात आमच्या वाटणीचे काय, एवढीच त्याची चौकशी असते. चाल अशी की ऐकणाऱ्याने टाळ्यांवर ठेका धरावा, प्रश्न असा की धरलेला ठेका मध्येच थांबावा. १९८० च्या दशकात मी नव्यानेच शिकवू लागलो होतो, तेव्हा नाशिकच्या एका वस्तीत रात्री हे गाणे ऐकले. गॅसबत्तीचा उजेड, ढोलकी आणि समोर पथारीवर बसलेले दोनशे-तीनशे लोक. दुसऱ्या दिवशी वर्गात विभाजनाचा सिद्धांत शिकवायचा होता. खंड, वेतन, व्याज आणि नफा हे चार शब्द फळ्यावर लिहिले आणि मग विद्यार्थ्यांना सांगितले की, रिकार्डोने ज्याला अर्थशास्त्राचा मुख्य प्रश्न म्हटले तो तुमच्यापैकी काहींनी काल रात्री ढोलकीवर ऐकला आहे.

तीन नावांपैकी टाटा आणि बिर्ला यांचे येणे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र भारताच्या बोलीभाषेत श्रीमंतीचे ते दोन समानार्थी शब्दच होते. पण त्यांच्यामध्ये बाटा का? यमकासाठी, असे म्हणून मोकळे होता येईल. मला तेवढे पुरेसे वाटत नाही. गावगाड्यात कातडे कमावणे आणि पायताण शिवणे या कामांना विटाळ चिकटवलेला होता. तेच पायताण कारखान्यात तयार होऊन काचेच्या कपाटात मांडले गेले की विटाळ जातो आणि नफा येतो, आणि तो नफा ज्यांच्या हातांना पिढ्यान्पिढ्या कातड्याचा वास होता त्यांच्याकडे फिरकत नाही. एवढी सगळी जातिव्यवस्थेची अर्थनीती त्या मधल्या नावात बसली आहे. शिवाय ज्याने दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरे शिकली त्याच्या गाण्यात मालकांची नावे यावीत हेही सहजच आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी 'ग' गणपतीचा किंवा गवताचा शिकला. वामनदादांच्या अक्षरओळखीतच मालकी होती.

हाच प्रश्न त्या काळी दिल्लीतही विचारला जात होता, याची आठवण ठेवली पाहिजे. दोन पंचवार्षिक योजना पार पडत आल्यावर वाढलेले राष्ट्रीय उत्पन्न गेले कोठे, हे शोधण्यासाठी १९६० मध्ये प्रा. महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पुढे मक्तेदारी चौकशी आयोग आला, त्याने १९६५ मध्ये उद्योगसमूहांची यादीच काढली आणि टाटा व बिर्ला ही नावे तिच्या शिरोभागी होती. १९६९ मध्ये मक्तेदारीस आळा घालणारा कायदाही झाला. तो यथाकाल निष्प्रभ होऊन इतिहासजमा झाला. १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातले सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले आणि पंडित नेहरूंच्या बाजूने पंधरा आण्यांचा आकडा पुढे आला. तीन आणे विरुद्ध पंधरा आणे हा वाद आम्ही सांख्यिकीच्या तासाला सरासरीचे दोष शिकवण्यासाठी वापरत असू. सरासरीत टाटा-बिर्लाही बसतात आणि कोळशाच्या पाट्या उचलणाराही बसतो. गाण्याला ही अडचण नसते. गाणे सरासरी काढत नाही.

आता ब्राझीलकडे वळतो. १९६४ मध्ये तेथे लष्कराने सत्ता घेतली आणि १९८५ पर्यंत सोडली नाही. १९६८ ते १९७३ या काळात त्या देशाचे उत्पन्न दरसाल दहा टक्क्यांहून अधिक वेगाने वाढले आणि जगभरच्या अर्थतज्ज्ञांनी त्याला चमत्कार म्हटले. १९६० आणि १९७० च्या जनगणना शेजारी ठेवल्या तेव्हा विषमताही वाढल्याचे दिसले. तेव्हाचे अर्थमंत्री देल्फिम नेतो यांच्या नावावर एक सुभाषित सांगितले जाते: केक आधी फुगू द्यावा, वाटणी नंतर. आपल्याकडे हेच तत्त्वज्ञान 'झिरपणे' या नावाने आले. तेथे केक आणि येथे पाणी, एवढाच फरक. एडमार बाशा या तेथील अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये एक रूपककथा लिहिली. तिच्यात एका राज्याचे नाव 'बेलिंडिया' असे आहे. मूठभर लोक बेल्जममध्ये राहतात आणि उरलेले सारे भारतात, असे ते राज्य. दारिद्र्याचे परिमाण म्हणून परक्या देशातल्या कथेत आपले नाव घातले गेले, हे वाचताना मला त्या वेळी थोडे लागले होते. परंतु तक्रार करण्यास जागा नव्हती.

या बेलिंडियाची राजधानी ब्राझीलिया. २१ एप्रिल १९६० रोजी उद्घाटन झालेले, नकाशावर आखून माळावर उभे केलेले काँक्रीटचे शहर. तेथील विद्यापीठाच्या कर्मचारी वसाहतीत आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या सदनिकांत वाढलेल्या मुलांनी १९८० च्या सुमारास गिटारी हाती घेतल्या. (प्राध्यापकांच्या वसाहतीतून असेही काही निघू शकते, हे ऐकून आमच्या पेशाविषयीचा माझा आदर किंचित वाढला.) त्यांतून जे रॉक संगीताचे संच तयार झाले, त्यांपैकी 'लेजियाँव उर्बाना', म्हणजे 'शहरी फौज', हा सर्वांत गाजला. त्याचा गायक रेनातो रूसो आधी इंग्रजी शिकवत असे. १९९६ मध्ये तो अकालीच वारला. दुसरा संच 'प्लेबे रूदे'. नावाचा अर्थ साधारण 'गावंढळ रयत' असा करता येईल. साओ पाउलोहून 'तितांस' नावाचा तिसरा आला. प्रेमभंगाची गाणी तेथेही विपुल होती. या मुलांनी मात्र पोलिसांची दादागिरी, कंटाळा, नोकरीचे अर्ज, दूरचित्रवाणी, वाढते भाव आणि घरातली कुचंबणा यांवर गाणी केली. लष्करी राजवटीने एका पिढीला बोलू दिले नव्हते; सेन्सॉरची कात्री सैल होताच जे बाहेर पडले ते तत्त्वज्ञान नव्हते, रोजचा वैताग होता.

त्या वैतागाचे आर्थिक स्वरूप आपल्याला कल्पनेनेच समजून घ्यावे लागेल, कारण आपण तेवढी महागाई कधी पाहिलेली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे किमती वर्षाला हजार टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होत्या. दुकानात शिक्के मारण्याचे यंत्र घेतलेला नोकर डब्यांवरच्या किमती बदलत पुढे जाई आणि गिऱ्हाईक त्याच्या पुढे राहण्याची धडपड करी. पगार हाती पडला की त्याच दिवशी महिन्याचा बाजार करावा लागे. फेब्रुवारी १९८६ मध्ये सरकारने चलनावरची तीन शून्ये पुसली, भाव गोठवले आणि ते कोणी वाढवत नाही ना हे पाहण्यासाठी सामान्य नागरिक अध्यक्षांच्या नावाचे बिल्ले लावून दुकानांत फिरू लागले. काही महिन्यांतच कपाटे रिकामी झाली. मांस मिळेनासे झाले तेव्हा सरकारने कुरणांतून गुरे जप्त करण्यासाठी पोलीस पाठवले! 'दाम बांधो' ही आपलीही घोषणा होती. म्हणून हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. उत्पादन आणि साठा यांवर हात न ठेवता नुसती किंमत बांधली तर माल दुकानाच्या मागच्या दाराने जातो.

याच काळात 'प्लेबे रूदे'च्या पहिल्या तबकडीवर एक गाणे आले. काँक्रीटला तडे गेले आहेत, असा त्या तबकडीच्या नावाचा अर्थ. रोख अर्थातच राजधानीवर. आणखी किती काळ वाट पाहायची, असा त्या गाण्याच्या नावाचा आशय. त्यात रस्त्यावरचा एक मुलगा आहे. तो मोटारीवर लक्ष ठेवू का म्हणून विचारतो, सुटे पैसे मागतो, बूट पुसून देण्याची तयारी दाखवतो. आणि गाण्याचा मुख्य हिशेब दोनच गोष्टींचा आहे: अवतीभवती असलेली संपत्ती आणि तिच्यातला वाटा. या मुलांनी देशवंडीचे नाव ऐकलेले असणे शक्य नाही आणि वामनदादांनीही त्यांचे. तरीही दोन गोलार्धांत, ढोलकीवर आणि गिटारीवर, तोच प्रश्न उभा राहिला. त्यातही बूट आहेत!

परंतु साम्य पाहून हरखून जाऊ नये. दोन्ही गाण्यांतली सर्वनामे वेगळी आहेत आणि माझ्या मते सगळा फरक तेथे आहे. ब्राझीलमधला गायक समोरच्याला 'तुझा वाटा कोठे' असे विचारतो. तो मोटारीच्या आत बसलेल्या घरातला मुलगा आहे, काच खाली करून बाहेरच्या मुलाकडे पाहतो आहे आणि त्याला मनापासून लाज वाटते आहे. ही लाज खोटी नव्हे. समाजवादी चळवळीतही आपण पुष्कळ जण याच लाजेच्या दाराने आलो. वामनदादांचा गायक मात्र 'आमचा' म्हणतो. तो बाहेरचाच मुलगा आहे, मोठा झालेला, आणि आता सुटे पैसे मागत नाही. पहिल्या गाण्याने ऐकणाऱ्याचे मन हलते. दुसऱ्याने ऐकणारा स्वतःला एका जमावाचा भाग समजू लागतो. चळवळीला पहिल्याची गरज नाही असे मी म्हणणार नाही, पण दुसऱ्यावाचून ती उभीच राहत नाही.

येथे आपल्या काही मित्रांचा जुना आक्षेप पुढे येतो. वैतागाची गाणी म्हणजे वाफ जाऊ देण्याची झडप. माणूस गातो, मन मोकळे करतो आणि सकाळी मुकाट कामावर जातो, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. माझी चिंता वेगळी आहे. वाफ नुसती निघून जाते असे नाही, ती दुसऱ्याचे इंजिनही चालवते.

भांड्यांचेच उदाहरण घ्या. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने लाटणे मोर्चा काढला. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या आणि मागे हजारो बायका थाळीवर लाटणे वाजवत चालल्या होत्या. तेल, डालडा, साखर, रॉकेल या चार वस्तूंचा तो राग होता आणि त्याला यापेक्षा चांगले वाद्य सापडले नसते. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये, चिलीच्या राजधानीत सुखवस्तू घरांतल्या बायकांनी रिकामी पातेली वाजवत मोर्चा काढला होता. तो समाजवादी अध्यक्ष आयेंदे यांच्या विरुद्ध होता. स्वयंपाकघरातले तेच वाद्य आणि त्याचा तोच आवाज, पण राजकारण उलट दिशेचे. ब्राझीलमध्ये जून २०१३ मध्ये साओ पाउलोच्या बसचे भाडे वीस सेंतावोंनी वाढले, म्हणजे तीन रेआईसचे तीन रेआईस वीस झाले, आणि फुकट प्रवासाचा हक्क मागणाऱ्या तरुणांनी सुरू केलेले आंदोलन देशभर पसरले. रस्त्यावर उतरलेला तो वैताग कोणाचा, हे ठरण्याआधीच त्यात दुसरे झेंडे शिरले. २०१५ मध्ये श्रीमंत वस्त्यांच्या गच्च्यांतून अध्यक्षा दिल्मा रूसेफ यांच्या विरोधात पातेली वाजू लागली, २०१६ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले आणि २०१८ मध्ये लष्करी राजवटीचे गोडवे गाणारा बोल्सोनारो निवडून आला. पहिली ठिणगी वीस सेंतावोंची होती. मार्च २०२० मध्ये आपणही थाळ्या वाजवल्या. तेव्हा तर विरोध कशालाच नव्हता.

वैतागाला स्वतःची दिशा नसते, असा याचा अर्थ मी घेतो. 'सगळेच चोर' असे म्हणणारे गाणे कोणत्याही सभेत चालते. 'आमचा वाटा कोठे' म्हणणारे गाणे प्रत्येक सभेत चालत नाही, आणि हीच त्याची परीक्षा.

आपल्या जिल्ह्यात याचा रोजचा पाठ कांदा देतो. कांदा महागला की शहरातली गृहिणी वैतागते, स्वस्त झाला की निफाड-चांदवडचा शेतकरी वैतागतो. दोघांची आयुष्यात कधी भेट होत नाही आणि प्रत्येकाला वाटते की आपला वैरी दुसरा आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने निर्यातबंदी केली, लासलगावचे लिलाव बंद पडले, रस्ते अडवले गेले. शहरांना तो निर्णय दिलासा वाटला. आता गिऱ्हाईक दुकानात जो भाव देते आणि शेतकऱ्याच्या हाती जो पडतो त्यांच्यामध्ये किती जण उभे आहेत, साठवण कोणाकडे आहे, चाळ बांधण्याचे भांडवल कोणाला मिळते, हा विभाजनाचाच प्रश्न आहे आणि त्यात गृहिणी व शेतकरी एकाच बाजूला बसू शकतात. हे मी आलेख काढून दोन तासांत सांगू शकेन. वामनदादांसारख्याला दोन कडवी पुरली असती. असे गाणे आज मला तरी कोठे ऐकू येत नाही.

ते का येत नाही, याचा दोष सर्वस्वी ध्वनिवर्धकांच्या भिंतींना देण्याची पद्धत पडली आहे. जयंतीच्या मिरवणुकीतला गोंगाट हा अनेक सुशिक्षितांचा आवडता विषय. गणपतीच्या मिरवणुकीविषयी तेच जरा हळू आवाजात बोलतात. मोठा आवाज हा ज्यांना पिढ्यान्पिढ्या आवाज नव्हता त्यांचा हक्क आहे असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. माझा आक्षेप निवडीवर आहे. १९८० नंतर कॅसेटने भीमगीते घरोघरी नेली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे गळे खेड्यापाड्यांत पोचले, हे फार मोठे काम झाले. परंतु बाजाराने जे खपते तेवढेच पुन्हा पुन्हा छापले. गौरवाची गाणी राहिली, वाट्याची गाणी गळाली. गौरवगीताला देणगीदार मिळतो. जो स्वतःच उद्योजक किंवा ठेकेदार आहे, तो त्या दुसऱ्या गाण्याला वर्गणी का देईल?

आणि आपली बाजू तरी कोठे स्वच्छ आहे? राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे होते. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांचे लाल बावटा कलापथक होते. संयुक्त महाराष्ट्राचा लढा निम्मा त्यांनी गाऊन लढला. पुढे पक्ष फुटले, जुळले, पुन्हा फुटले. प्रत्येक फुटीत ठरावांचे मसुदे वाटून घेतले गेले, कलापथके कोणी मागितली नाहीत. गाणे म्हणजे सभा भरेपर्यंत लोकांना धरून ठेवण्याचे साधन, अशीच पुष्कळ पुढाऱ्यांची समजूत होती. 'तितांस'चे १९८७ मधले एक गाणे या समजुतीला थेट उत्तर देते. नाव त्याचे 'अन्न', आणि म्हणणे असे की, माणसाला केवळ पोटाची भूक नसते, कला आणि करमणूकही त्याच्या हक्काच्या मागणीत बसते. वामनदादा याच न्यायाने चिक्की विकून आल्यावर गाणी जुळवत बसले असणार. भाकरी पुरी मिळाल्यावर गाऊ, असे त्यांनी ठरवले असते तर आज आपण येथे जमलो नसतो.

तरीही आजच्या शाहिरापुढची एक अडचण खरी आहे आणि ती वामनदादांपुढे नव्हती. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारे माझे काही जुने विद्यार्थी अधूनमधून भेटतात. पदवी आहे, वय तिशीच्या पुढे गेले आहे, तरी दर काही महिन्यांनी नवे नेमणूकपत्र. 'वैताग आलाय सर' हे त्यांचे पालुपद. तुमचा मालक कोण, असे विचारले तर नीट सांगता येत नाही. गणवेशावर एका कंपनीचे नाव, पगाराच्या चिठ्ठीवर ठेकेदाराचे, आणि ठेकेदार बदलला की चिठ्ठीवरचे नावही बदलते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने 'मुख्य मालक' असा शब्द वापरला होता. तो शब्द करावा लागला यातच मालक दोन झाल्याची कबुली होती. घरोघरी जेवण पोचवणाऱ्या मुलाला तर माणूसच भेटत नाही. त्याचा मुकादम खिशातल्या फोनमध्ये आहे. वामनदादांना वाचायला निदान पाट्या होत्या. ज्याची पाटीच नाही त्याचे नाव गाण्यात कसे घालायचे?

माझ्या मते येथे अर्थशास्त्राच्या लोकांना काम आहे. पाटी नसली तरी नोंद असते. कंपन्यांचे ताळेबंद, संचालकांची नावे, कोणत्या कंपनीचे किती भाग कोणाकडे, हे सारे कंपनी निबंधकाकडे दाखल करावे लागते आणि ठरावीक शुल्क भरून कोणाही नागरिकाला पाहता येते. वेतनावर किती खर्च झाला आणि नफा किती उरला, हेही त्यातच असते. नाशिकच्या महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी एका वर्षात या जिल्ह्यातल्या वीस-पंचवीस मोठ्या आस्थापनांचा असा तक्ता काढणे मुळीच अवघड नाही. मी स्वतः त्यांच्यासोबत बसायला तयार आहे. तो तक्ता आपण वस्त्यांतून गाणाऱ्या मुलांच्या हाती देऊ. यमके त्यांची ती जुळवतील.